अपो-बीचा ब्लॉट: अँटिबॉडीला नावे ठेवण्याआधी

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीन जेलमध्ये आकाराने वेगळे करायचे, मेम्ब्रेनवर उतरवायचे (ट्रान्सफर) आणि तिथे अँटिबॉडीने शोधायचे. दरवर्षी एक तरी विद्यार्थी अशा ब्लॉटचे कोरे मेम्ब्रेन चिमट्यात धरून माझ्या टेबलाशी येतो. "मॅडम, अँटिबॉडीच बेकार निघाली." मी दोन प्रश्न विचारते. जेल किती टक्क्यांचे होते? "दहा." ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो केले होते का, म्हणजे मेम्ब्रेनवर उतरलेले प्रोटीन लाल रंगवून पाहिले होते का? यावर तो छताच्या पंख्याकडे पाहतो. म्हणजे अँटिबॉडीला काम करायची संधीच मिळाली नव्हती. प्रोटीन जेलच्या तोंडाशी अडकून बसले होते आणि मेम्ब्रेनवर शोधायला काही नव्हतेच.

रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एलडीएल कणाभोवती गुंडाळलेले अपोलिपोप्रोटीन बी, म्हणजे अपो-बी, हे वेस्टर्न ब्लॉटमधले सगळ्यात आडदांड गिऱ्हाईक आहे. पूर्ण लांबीच्या अपो-बी-१०० मध्ये ४५३६ अमिनो आम्ले असतात आणि वजन ५०० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचे एकक) वर जाते. अ‍ॅक्टिनसारख्या नेहमीच्या, ४२ किलोडाल्टनच्या प्रोटीनवर बसलेला हात इथे उपयोगाचा नाही. खाली लिहिलेला क्रम नागपूरच्या हवेत, नागपूरच्या विजेवर आणि मध्यम दर्जाच्या लॅबमध्ये चालतो. क्रम मोडू नका. यातल्या बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

एक गोष्ट आधीच सांगते. तुम्हाला फक्त रुग्णाच्या रक्तात अपो-बी किती आहे एवढेच हवे असेल, तर ब्लॉट करू नका. पॅथॉलॉजी लॅबमधली इम्युनोटर्बिडिमेट्री (अँटिबॉडीने येणारा गढूळपणा मोजणारी चाचणी) तो आकडा लवकर आणि जास्त भरवशाने देते. प्रोटीन तुटले आहे का, बी-१०० आहे की बी-४८, पेशी ते बाहेर सोडतात की आतच ठेवतात, असे प्रश्न असतील तर ब्लॉट करा.

टप्पा १: मागवण्याआधी माहितीपत्रक वाचा

अपो-बीची दोन रूपे एकाच जनुकातून निघतात. माणसाचे यकृत पूर्ण बी-१०० बनवते. आतड्यात मात्र आरएनएतले एक अक्षर बदलले जाते, २१५३व्या जागी थांबण्याची खूण तयार होते आणि पहिल्या २१५२ अमिनो आम्लांवर काम संपते. हे बी-४८. म्हणजे बी-४८ हा बी-१०० चाच पुढचा, एन-टोकाकडचा भाग आहे.

म्हणून अँटिबॉडी प्रोटीनच्या कोणत्या भागाला चिकटते, हे सगळ्यात आधी पाहा. एन-टोकाकडचा भाग ओळखणारी अँटिबॉडी दोन्ही रूपे दाखवते. सी-टोकाकडची, म्हणजे शेवटाकडची अँटिबॉडी फक्त बी-१०० दाखवते. मानवी अपो-बीवरच्या जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या मोनोक्लोनल (एकाच जागेला चिकटणाऱ्या) अँटिबॉडींपैकी १डी१ पहिल्या जातीची आहे आणि ४जी३ दुसऱ्या जातीची. आतड्याच्या पेशींवर काम करणाऱ्या मुलीने सी-टोकाची अँटिबॉडी मागवली आणि सहा महिने बी-४८ शोधत बसली, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माहितीपत्रकात आणखी चार गोष्टी शोधा:

- वेस्टर्न ब्लॉटसाठी तपासलेली आहे का. एलायझात (जेलशिवाय, प्लेटमध्ये होणाऱ्या अँटिबॉडी चाचणीत) उत्तम चालणारी अँटिबॉडी ब्लॉटमध्ये मुकी राहू शकते, कारण एसडीएस या साबणासारख्या द्रव्याने प्रोटीनची घडी उलगडते आणि ती ज्या आकाराला ओळखत होती तो आकारच उरत नाही.
- कोणत्या प्राण्याचे अपो-बी ओळखते. मानवी म्हणजे रॅटचेही, असे गृहीत धरू नका.
- अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात बनवली आहे. अपो-बीच्या बऱ्याच पॉलिक्लोनल (अनेक जागांना चिकटणाऱ्या, मिश्र) अँटिबॉडी शेळीत बनवतात. शेळी असेल तर टप्पा ६ मध्ये तुमचे दूध बंद. का, ते तिथे सांगते.
- बाटलीत ग्लिसरॉल आणि सोडियम अझाइड आहे का.

प्रायमरी म्हणजे अपो-बीला चिकटणारी अँटिबॉडी, सेकंडरी म्हणजे त्या प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी. सेकंडरी त्याच ऑर्डरमध्ये मागवा. शेळीच्या प्रायमरीवर अँटी-रॅबिट सेकंडरी टाकून कोरा ब्लॉट मिळवणारे लोक तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत.

> थांबा: मार्च ते जून या काळात मागवत असाल तर विक्रेत्याला लेखी कळवा की पार्सल शुक्रवार-शनिवारी निघू नये. नाहीतर ते रविवारभर गोदामात पडते, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, मागवूच नका.

टप्पा २: पार्सल आल्यावरचा पहिला तास

डबा उघडताच जेलपॅकला हात लावून पाहा, फोटो काढा, वेळ लिहा. पॅक कोमट असला म्हणून लगेच हंबरडा फोडू नका. साधी, लेबल न लावलेली अँटिबॉडी बहुधा दोन-तीन दिवसांची ऊब सहन करते. एचआरपी (सिग्नल देणारे एन्झाइम) जोडलेली सेकंडरी त्या मानाने नाजूक असते. दोन्हींचा निकाल अंदाजाने नव्हे, तपासणीने लावायचा.

मग या क्रमाने जा:

१. बाटली न उघडता मायक्रोफ्यूजमध्ये १० सेकंद फिरवा. अर्धी अँटिबॉडी झाकणाला चिकटलेली असते. भुकटी असेल तर हे जास्तच गरजेचे.
२. भुकटी असेल तर सांगितलेल्या द्रवात, सांगितलेल्या आकारमानात विरघळवा. व्हॉर्टेक्स यंत्रावर घुसळू नका, हलक्या हाताने बोटाने टिचक्या मारा.
३. ५ ते १० मायक्रोलिटरचे भाग करा. प्रत्येकावर नाव, लॉट क्रमांक आणि तारीख लिहा. मार्करची शाई अल्कोहोलने जाते, म्हणून वरून पारदर्शक टेप लावा.
४. उणे २०° से. ला ठेवा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती तिथे गोठत नाही, द्रवच राहते. चालू भाग ४° से. ला.

घरगुती पद्धतीच्या 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीजरमध्ये अँटिबॉडी ठेवू नका. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला तापवतो, आणि ग्लिसरॉल नसलेला तुमचा भाग दरवेळी वितळून पुन्हा गोठतो. जुन्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा, जेलपॅकच्या मधोमध. लाइट गेली तर दार उघडून पाहायचा मोह आवरा.

आता ज्या कामाला कोणी वेळ देत नाही ते काम, डॉट ब्लॉट. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर मानवी प्लाझ्माचे १ मायक्रोलिटरचे ठिपके द्या: १:१०, १:१०० आणि १:१०००. हे ठिपके दोनदा द्या. एकदा तसेच, आणि एकदा प्लाझ्मा आधी एसडीएसमध्ये ७०° से. ला तापवून मग पातळ केलेला. शेजारी हेलासारख्या, अपो-बी न बनवणाऱ्या पेशींच्या लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या द्रवाचा) ठिपका द्या. सुकू द्या, ब्लॉक करा (पट्टीची मोकळी जागा भरा), प्रायमरी, सेकंडरी, ईसीएल (एचआरपीसोबत प्रकाश देणारे सबस्ट्रेट). जेल नाही, ट्रान्सफर नाही, एका दुपारचे काम.

> तपासणी: तापवलेले ठिपके दिसले आणि हेलाचा ठिपका कोरा राहिला, तर अँटिबॉडी आणि सेकंडरी दोन्ही जिवंत आहेत. यापुढे काही दिसले नाही तर चूक तुमच्या जेलमध्ये, ट्रान्सफरमध्ये किंवा नमुन्यात शोधा. फक्त न तापवलेलेच ठिपके दिसत असतील तर ही अँटिबॉडी ब्लॉटच्या कामाची नाही.

टप्पा ३: नमुना

इथे घाई कराल तर पुढचे तीन दिवस वाया. अपो-बी लांब आहे, म्हणून ते कापायला प्रोटीएजना, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांना, जागाही भरपूर मिळते.

*प्लाझ्मा.* एथिक्स समितीची परवानगी हातात असल्याशिवाय सुई उचलू नका, मित्राचे रक्त असले तरी. रक्त १० ते १२ तासांच्या उपवासानंतर ईडीटीएच्या नळीत घ्या. पोटभर जेवल्यावर घेतलेल्या प्लाझ्मात आतड्यातून आलेले कायलोमायक्रॉन असतात, नमुना दुधाळ दिसतो आणि त्यांच्यासोबत बी-४८ ही येते. नळी बर्फात ठेवा. लॅबचे बर्फयंत्र बंद असेल तर बाजारातल्या लादीचा बर्फ पोत्यात घालून फोडला तरी चालतो, फक्त नळीचे तोंड पाण्यावर राहू द्या. १५०० जी ला (गुरुत्वाच्या १५०० पट) १५ मिनिटे, ४° से. वर फिरवा.

प्लाझ्मा ४° से. ला ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. गोठवला की लिपोप्रोटीन कण बिघडतात, एकमेकांना चिकटतात. ठेवायचाच असेल तर लहान भाग करून उणे ८०° से. ला, आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा.

किती भरायचे याचा हिशेब तोंडपाठ ठेवा. प्लाझ्मात अपो-बी साधारण १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरले, तर ते मिलिलिटरला १ मिलिग्रॅम होते. १:१०० पातळ केल्यावर मायक्रोलिटरमध्ये १० नॅनोग्रॅम. १० मायक्रोलिटर भरले की जेलच्या खाचेत १०० नॅनोग्रॅम अपो-बी गेले आणि सोबत जेमतेम ७ मायक्रोग्रॅम एकूण प्रोटीन. पुरे झाले. न पातळ केलेला प्लाझ्मा भरणाऱ्यांच्या जेलमध्ये अल्ब्युमिनचा ढेकूळ सगळ्या लेन वाकवतो.

*हेप-जी२ पेशी.* यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या या मानवी पेशी अपो-बी बाहेर सोडतात, म्हणून पेशी आणि माध्यम दोन्ही तपासा. पण माध्यमात गाईच्या गर्भाचा सीरम असेल तर त्यात गाईचे अपो-बी असते, आणि पॉलिक्लोनल अँटिबॉडी त्यालाही पकडू शकते. पेशी पीबीएसने दोन-तीनदा धुवा, सीरम नसलेल्या माध्यमात १६ ते २४ तास ठेवा आणि मग ते माध्यम १०० किलोडाल्टनच्या गाळणीने आटवा. न पेरलेल्या थाळीतले माध्यमही तसेच आटवून एका लेनमध्ये भरा. ही लेन कोरी यायला हवी.

*यकृताचा तुकडा.* प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी, मग द्रव नायट्रोजन, मग पेशी फोडणारा थंड रिपा बफर. १२,००० जी ला १५ मिनिटे फिरवल्यावर वर चरबीचा पांढरा थर येतो. पिपेटचे टोक त्यातून झटक्यात खाली नेऊन मधला स्वच्छ द्रव घ्या. चरबी टोकाला लागली तर टोक बदला.

सगळ्यांत प्रोटीएज इनहिबिटर घाला. त्यातले पीएमएसएफ पाण्यात लवकर मरते आणि गरम खोलीत आणखी लवकर, म्हणून ते शेवटच्या क्षणी. सकाळी बनवलेला 'इनहिबिटर घातलेला' बफर दुपारी चारला वापरणे म्हणजे साधा बफर वापरणे.

शेवटी लेमली बफर (एसडीएस असलेला, जेलवर भरण्याचा) आणि डायसल्फाइड बंध तोडणारे ताजे डीटीटी, अंतिम ५० ते १०० मिलिमोलर. डीटीटी कंजूषपणे घालू नका. लिपोप्रोटीन(ए) या कणात अपो-बी दुसऱ्या एका मोठ्या प्रोटीनला डायसल्फाइड बंधाने जोडलेले असते. तो बंध तुटला नाही तर वर एक अनोळखी जड बँड दिसतो आणि लोक त्यावर पेपर लिहायला निघतात.

> थांबा: नमुना ९५° से. ला उकळू नका. इतके मोठे, चरबीप्रेमी प्रोटीन उकळल्यावर गोळा होते आणि खाचेतच बसून राहते. ७०° से., १० मिनिटे.

टप्पा ४: जेल

दहा टक्क्यांच्या जेलमध्ये अपो-बी-१०० शिरतच नाही असे समजा. ३ ते ८ टक्क्यांचे तयार ट्रिस-अ‍ॅसिटेट जेल परवडत असेल तर तेच घ्या, डोक्याचा ताप वाचतो. हाताने ओतायचे असेल तर ५ टक्के, १० मिलिलिटरसाठी:

- पाणी ५.६ मिलिलिटर
- ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइड-बिस १.७ मिलिलिटर
- १.५ मोलर ट्रिस, पीएच ८.८, २.५ मिलिलिटर
- १० टक्के एसडीएस ०.१ मिलिलिटर
- १० टक्के एपीएस ०.१ मिलिलिटर
- टेमेड ८ मायक्रोलिटर (एपीएस आणि टेमेड मिळून जेल घट्ट करतात)

वरचे स्टॅकिंग (नमुना एका रेषेत आणणारा थर) ३ ते ४ टक्के. न घट्ट झालेले अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी असते. हातमोजे घाला, आणि त्याच हातमोज्यांनी मोबाइल उचलू नका.

नागपुरात जेलला ऋतू असतात. मे महिन्यात ओततानाच ते गोठू लागते आणि आत लाटा पडतात. एपीएस-टेमेड सोडून बाकी मिश्रण दहा मिनिटे बर्फात ठेवा, मग ती दोन घाला. पावसाळ्यात एपीएसची बरणी ओल धरते. चमचाभर पावडर पाण्यात टाकल्यावर बारीक तडतड ऐकू आली नाही, तर नवी बरणी उघडा. डिसेंबरातल्या थंड सकाळी उलट होते, तासभर थांबावे लागते. पाणी डिस्टिल्डच. पेंच धरणातून येणारे नळाचे पाणी पिण्यासाठी आहे.

५ टक्के जेल ताकासारखे ढिले असते. कंगवा ओढताना खाचा फाटतात. कंगवा रनिंग बफरखाली, सरळ वर, श्वास रोखून काढा.

मार्कर (माहीत असलेल्या वजनांच्या प्रोटीनांची मोजपट्टी) कोणता भरता ते तपासा. नेहमीचा रंगीत मार्कर २५० किलोडाल्टनवर संपतो, तुमचा बँड त्याच्या वर आहे. ४६० पर्यंत जाणारा मार्कर मिळतो, तो मागवा. नसेल तर शुद्ध एलडीएल किंवा पातळ केलेला प्लाझ्मा हाच तुमचा मैलाचा दगड समजून शेजारच्या लेनमध्ये भरा.

स्टॅकिंगमध्ये ८० व्होल्ट, मग १०० ते १२०, टाकी बर्फाच्या टबात. निळा रंग खाली उतरून गेला म्हणून थांबू नका. २५० चा मार्कर जेलच्या मध्याखाली येईपर्यंत चालू द्या.

इथेच लोडिंग कंट्रोलची, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखे प्रोटीन भरले हे दाखवणाऱ्या प्रोटीनची, गाडी चुकते. या जेलमध्ये अ‍ॅक्टिन आणि जीएपीडीएच केव्हाच निळ्या रंगासोबत बफरमध्ये वाहून गेलेले असतात. पेशींसाठी ११७ किलोडाल्टनचे व्हिन्क्युलिन घ्या, किंवा तोच नमुना दुसऱ्या जेलवर चालवा. प्लाझ्मात अ‍ॅक्टिन शोधूच नका. तिथे समान आकारमान भरा आणि पॉन्सोचा फोटो जोडा.

टप्पा ५: ट्रान्सफर

माझ्या अंदाजाने निम्मे अपयश इथले आहे. सेमी-ड्राय यंत्रावर वीस मिनिटांत काम उरकण्याची सवय या प्रोटीनपुढे चालत नाही. ओले ट्रान्सफर, रात्रभर, थंडीत.

एक लिटर बफर: ट्रिस ३.०३ ग्रॅम, ग्लायसीन १४.४ ग्रॅम, मिथेनॉल १०० मिलिलिटर, एसडीएस ०.५ ग्रॅम. पीएच आम्लाने जुळवू नका, आपोआप येतो. नेहमीच्या २० टक्के मिथेनॉलने जेल आकसते आणि मोठे प्रोटीन आत कोंडले जाते, म्हणून इथे १० टक्के. एसडीएस प्रोटीनला जेलमधून बाहेर ढकलायला मदत करते.

१. जेल या बफरमध्ये १० ते १५ मिनिटे भिजवा.
२. ०.४५ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये ३० सेकंद, मग पाण्यात, मग बफरमध्ये. मेम्ब्रेन धूसर, अर्धपारदर्शक झाले पाहिजे. पांढरे ठिपके राहिले तर पुन्हा मिथेनॉल.
३. कॅसेटच्या काळ्या (ऋण) बाजूकडून लाल (धन) बाजूकडे: स्पंज, फिल्टर कागद, जेल, मेम्ब्रेन, फिल्टर कागद, स्पंज. प्रत्येक थरावर बाटली किंवा रोलर फिरवून बुडबुडे काढा.
४. ३० व्होल्ट, १६ तास, ४° से.

मेम्ब्रेन लाल बाजूला. एसडीएसमुळे प्रोटीनवर ऋण भार असतो, ते धन टोकाकडे जाते. हे बारावीला शिकलेले असते आणि रात्री नऊ वाजता विसरलेले असते.

मी हा धडा महागात शिकले. एका जूनमध्ये वादळी पाऊस झाला, रात्री दीडला लाइट गेली, तीनला आली. पॉवरपॅक काही स्वतःहून सुरू झाला नाही. सकाळी सगळे शांत, टाकी थंड, मी खुशीत. ब्लॉटवर फिकट सावली. तेव्हापासून पॉवरपॅक यूपीएसवर असतो आणि सकाळी मी आधी त्याच्यावरचे मिनिटांचे आकडे वाचते, मग टाकी उघडते.

> तपासणी: पॉन्सो-एस, ५ मिनिटे, पाण्याने धुवा, फोटो. २५० च्या वर काही रंगले आहे का? जेलही कूमासीत (प्रोटीन निळे रंगवणाऱ्या द्रवात) टाका. खाचेजवळ निळा पट्टा राहिला असेल तर ट्रान्सफर अपुरे झाले आहे. पुढची पायरी करू नका, महाग अँटिबॉडी वाया घालवू नका, टप्पा ५ पुन्हा.

टप्पा ६: ब्लॉकिंग

प्रायमरी सशाची किंवा माउसची असेल तर टीबीएसटीमध्ये (ट्वीन घातलेले ट्रिस-मिठाचे द्रावण) ५ टक्के स्किम मिल्क, एक तास. स्किम म्हणजे चरबी काढलेले. किराणा दुकानातली चहाची पावडर आणून वापरणारे आहेत. त्यात साखर असते, चरबी असते, आणि ब्लॉटवर ढगाळ नागपूर दिसते.

प्रायमरी शेळीची असेल तर दूध नको. अँटी-गोट सेकंडरी गाईच्या आयजीजीलाही (गाईच्या अँटिबॉडीलाही) चिकटते, कारण शेळी आणि गाय जवळच्या नात्यातल्या. दुधात आणि स्वस्त बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये) गाईचे आयजीजी असते. परिणाम दोन: सगळे मेम्ब्रेन काळे पडते, आणि सेकंडरी आधीच खर्च झाल्याने खरा बँड फिका येतो. इथे आयजीजी काढलेले बीएसए वापरा, किंवा माशाचे जिलेटिन. सेकंडरी गाढवात बनवलेली असेल तर ५ टक्के गाढवाचे सीरमही चालते. प्रायमरी आणि सेकंडरी ज्या द्रवात पातळ करता, त्यालाही हाच नियम.

मेम्ब्रेन एकदाही सुकू देऊ नका. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली पीव्हीडीएफ दोन मिनिटांत सुकते.

टप्पा ७: प्रायमरी, सेकंडरी, ईसीएल

माहितीपत्रकातले प्रमाण ही सुरुवात आहे, आज्ञा नव्हे. नव्या लॉटसोबत मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापून १:५००, १:१०००, १:२००० आणि १:५००० एकदा करून पाहा. ५ मिलिलिटरमध्ये १:१००० म्हणजे ५ मायक्रोलिटर. रात्रभर ४° से. ला, हलते ठेवून. एक पट्टी प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरीत. तिच्यावर जे दिसेल ते अपो-बी नाही.

टीबीएसटीने १० मिनिटांचे तीन धुणे, दरवेळी डबा बदलला तर उत्तम.

सेकंडरी १:५००० ते १:२०,०००, एक तास 'रूम टेंपरेचरला'. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याची रूम २२-२५ अंशांची असते. कूलर लावलेली आपली खोली मे महिन्यात ३२ वर असते, आणि तिथे तोच एक तास जास्त पार्श्वभूमी देतो. एसीच्या खोलीत करा, नाहीतर वेळ कमी करा आणि तेवढी वेळ वहीत लिहा. सेकंडरीच्या द्रवात अझाइड घालू नका, त्याने एचआरपी बंद पडते. अझाइड घातलेली जुनी प्रायमरी पुन्हा वापरली असेल तर नंतरचे धुणे नीट करा.

ईसीएलचे फोटो ५ सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटे. बँडच्या पोटात पांढरी पोकळी दिसली तर सिग्नल कमी नाही, जास्त आहे. एचआरपीने सबस्ट्रेट जागच्या जागी संपवले. सेकंडरी आणखी पातळ करा.

टप्पा ८: ब्लॉट वाचताना

बी-१०० हा २५० च्या मार्करच्या बराच वर, बी-४८ त्याच्या आसपास. इथपर्यंत सोपे. मग तीन सापळे लागतात.

रॅट आणि माउसच्या यकृतात दोन्ही बँड येतात. ही तूट नव्हे. या प्राण्यांचे यकृतही आरएनएतला तो बदल करते, माणसाचे करत नाही. आमच्याकडे एका मुलाने दोन बँड पाहून तीन आठवडे इनहिबिटर बदलले.

उलट, हेप-जी२ मध्ये २५० जवळ ठसठशीत बँड दिसला तर 'बी-४८ सापडले' म्हणू नका. तिथे तुटलेला बी-१०० असण्याची शक्यता कितीतरी जास्त. खाली पायऱ्या-पायऱ्यांची शिडी दिसत असेल तर खात्रीच. सी-टोकाच्या अँटिबॉडीने पुन्हा ब्लॉट करा. बँड तिलाही दिसला तर तो बी-४८ नक्कीच नाही, कारण बी-४८ ला ते टोकच नसते. दिसला नाही तर मात्र निकाल अजून लागलेला नाही, एन-टोकाचा तुटका तुकडाही असाच वागेल.

तिसरा सापळा खाचेतला काळा पट्टा. तो 'फार मोठे कॉम्प्लेक्स' नसून बहुधा गोळा झालेला नमुना असतो. उकळला होता का, दोनदा गोठवला होता का, डीटीटी कधीचे होते, ते पाहा.

हे सगळे करूनही बँड नाही, आणि डॉट ब्लॉटच्या तापवलेल्या ठिपक्यांनीही पाठ फिरवली, तर मग तक्रार करा. मेलमध्ये पार्सल उघडतानाचा फोटो, लॉट क्रमांक, डॉट ब्लॉट, पॉन्सो, ट्रान्सफरनंतरचे कूमासी जेल आणि प्लाझ्माच्या लेनचा ईसीएल फोटो जोडा. विक्रेता पहिला प्रश्न 'पॉझिटिव्ह कंट्रोल काय होता' हाच विचारतो. उरलेली बाटली फेकू नका, ती परत मागतात.